आभासी प्रयोगशाळा, आभासी रायगड आणि ६२ मुलांचा वर्ग: ३५ मिनिटांच्या तासिकेत हे कसे बसवावे?

नववी_ब यांचा प्रश्न

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीच्या माझ्या तुकडीत ६२ विद्यार्थी आहेत, संगणक कक्षात चालू स्थितीतले ११ संगणक आणि एक प्रोजेक्टर आहे, आणि पावसाळ्यात इंटरनेट कधी कधी दोन-दोन दिवस नसते. तासिका ३५ मिनिटांची असून त्यातली पाच मिनिटे वर्गातून कक्षापर्यंत जाण्यात आणि बसण्यातच जातात. हे सगळे आधीच सांगते, कारण या विषयावर मी जे लेख वाचले त्यांत प्रत्येक मुलासमोर एक संगणक गृहीत धरलेला असतो.

गेल्या वर्षी ‘धाराविद्युत’ हा पाठ शिकवताना मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले परिपथ जोडणीचे सिम्युलेशन (पडद्यावर हाताळता येणारी आभासी प्रतिकृती) वापरले. त्यात विद्युतघट, तारा, दिवे आणि कळ ओढून आणून जोडता येतात, तारेतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या रूपात सरकताना दिसतात आणि धारा मोजणारा अमीटर हवा तिथे लावता येतो. मुले इतकी रमली की घंटा झाली तरी उठेनात, आणि मला वाटले की पाठ पोहोचला. पंधरा दिवसांनी घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला: एका दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे लावलेल्या दोन अमीटरांची वाचने सारखी येतील की वेगळी? निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की दिव्याने थोडी धारा ‘वापरली’ असल्यामुळे पलीकडचे वाचन कमी येईल. ज्यांनी माझ्यादेखत पडद्यावर दोन्ही ठिकाणी तोच आकडा पाहिला होता, तीही मुले यांत होती. माझ्या शिकवण्यात नेमके काय राहून गेले, हे मला अजून उमगलेले नाही.

दुसरी गोष्ट अशी की मुलांपैकी काहींनी मोबाइलवर ठोकळ्यांनी जग रचण्याचे खेळ खेळलेले आहेत आणि यंदा दिवाळीच्या किल्ल्याऐवजी संगणकावर रायगड उभारू, असा त्यांचा हट्ट आहे. आमचे भूगोलाचे सर तयार आहेत. मुख्याध्यापकांनी मात्र एकच प्रश्न विचारला, ‘यातून मुले काय शिकतील, ते मला एका वाक्यात लिहून द्या.’ तो प्रश्न मला रास्त वाटतो आणि ते वाक्य मला अद्याप लिहिता आलेले नाही. ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष असे काही केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रयोगवही यांचे उत्तर

ताई, तुम्ही घटक चाचणीचा निकाल लपवला नाहीत, हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक ठिकाणी मुले रमली की तो उपक्रम यशस्वी ठरतो आणि पुढे कोणी काही तपासत नाही.

तुमच्या मुलांनी आकडा पाहिला हे खरे, परंतु तो पाहण्याआधी त्यांच्या मनात त्या आकड्याविषयी काही प्रश्न होता का? ‘दिवा धारा खातो’ ही समजूत घरातल्या बोलण्यातून आलेली असते. फ्रीज वीज खातो, गीझर वीज खातो, असे आपण रोज म्हणतो. इतकी मुरलेली समजूत केवळ समोर आकडा आल्याने हलत नाही. मुलाने आधी स्वतःच्या हाताने ‘पलीकडे कमी येईल’ असे वहीत लिहिलेले असेल आणि मग पडद्यावर दोन्हीकडे सारखेच वाचन आले, तरच त्याला आपल्या समजुतीत काही अडते आहे हे जाणवते. अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण अशी ही तीन पायऱ्यांची पद्धत व्हाइट आणि गनस्टन या विज्ञानशिक्षण-अभ्यासकांनी १९९२ मध्ये नीट मांडली, आणि तिला संगणक लागत नाही. सिम्युलेशनमुळे एवढेच होते की मधली पायरी स्वस्त आणि जलद होते, त्यामुळे एका तासिकेत पाच-सहा अंदाज पडताळून पाहता येतात.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या दिवशी मुलांना संगणक कक्षात नेऊच नका. वर्गातच प्रोजेक्टर लावा, एक संगणक पुरे आहे. इलेक्ट्रॉनचे ठिपके दाखवण्याची सोय बंद ठेवा. परिपथ जोडा, पण कळ दाबून परिपथ पूर्ण करण्यापूर्वी सर्वांना वहीत अंदाज आणि त्याचे कारण लिहायला दोन मिनिटे द्या, मग हात वर करून मते मोजा आणि फळ्यावर आकडे लिहा. शेजाऱ्याचे मत वेगळे असेल तर त्याला पटवून देण्यासाठी आणखी दोन मिनिटे द्या. वर्गात गोंगाट होईल, तो होऊ द्यावा. त्यानंतर कळ दाबा. ६२ मुले आणि एक पडदा असतानाही हा तास पूर्णपणे कृतिशील असतो, उलट ११ संगणकांभोवती घोळका करून पाच जणांनी एकाचा हात पाहत बसणे ही कृती नव्हे.

कक्षात दुसऱ्या दिवशी जावे. पहिली पाच मिनिटे मुलांना हवे ते करू द्या. फेटच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही सुरुवातीला मोकळा वेळ द्यावा असेच सुचवलेले आहे. घटाला आग लागते ती एकदा लागून जाऊ द्या, म्हणजे नंतर तिचे आकर्षण उरत नाही, आणि ती का लागली हा लघुपरिपथाचा (शॉर्ट सर्किटचा) धडा आयताच मिळतो. त्यानंतर ‘ही तार इथे जोडा, तो दिवा तिथे जोडा’ अशा क्रमवार सूचनांचा कागद देऊ नका. एकच आव्हान द्या: एका घटावर दोन दिवे असे लावा की दोन्ही दिवे एकट्या दिव्याइतकेच प्रखर पेटतील आणि एक काढला तरी दुसरा विझणार नाही. एकसर (एकामागे एक) जोडणीत दोन्ही मंद होतात हे पाहून मुले आपोआप समांतर (प्रत्येक दिवा घटाला स्वतंत्र जोडलेला) जोडणीकडे येतात, आणि ती जोडणी त्यांची स्वतःची असते. पाच-सहा जणांच्या गटात माऊस दर चार मिनिटांनी फिरला पाहिजे. त्यासाठी गटातल्याच एकाला वेळ पाहण्याचे काम द्यावे.

इंटरनेटची अडचण सुटण्याजोगी आहे. फेटची आताची सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि नंतर ती साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटविना चालतात. पेनड्राइव्हवरून ११ संगणकांवर घालायला अर्धा तास पुरतो. अनेक सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत. संज्ञा बालभारतीच्या संज्ञांशी जुळतात का, ते मात्र आधी स्वतः पाहून घ्यावे.

एक गोष्ट जाता जाता. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हापासून आपल्याकडे ‘डिजिटल शाळा’ म्हणजे कोड उघडून चित्रफीत दाखवणे असा एक सोपा अर्थ रूढ होऊ पाहतो आहे. चित्रफितीचे मोल मी नाकारत नाही, परंतु चित्रफितीत मुलाला विभवांतर (व्होल्टेज) दुप्पट करून पाहता येत नाही. साधन निवडताना मी इतकेच तपासतो की मुलाला यात स्वतः काही बदलता येते का, आणि त्या बदलाचा परिणाम त्याला लगेच दिसतो का.

जुनी_प्रयोगशाळा यांचे उत्तर

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. वरील उत्तरातली अंदाजाची पायरी मला पूर्ण मान्य आहे, पण एका ठिकाणी माझे मन अडते. घट, तार आणि टॉर्चचा दिवा ही इतकी स्वस्त साधने आहेत की ती पडद्यावर नेण्याचे कारण काय? पडद्यावरचा घट कधी संपत नाही, तारेचा रोध जवळजवळ नसतो, जोड कधी ढिला होत नाही. खऱ्या प्रयोगात दिवा लागला नाही म्हणजे मूल आधी घट तपासते, मग जोड खरवडून पाहते, मग दिवा बदलते. दोष कुठे आहे हे एकेक शक्यता वगळून शोधण्याची ती शिस्त विज्ञानाचाच भाग आहे आणि ती मला पडद्यावर दिसत नाही.

शिवाय ते इलेक्ट्रॉनचे ठिपके. ते पाहून मुलांची अशी समजूत होते की कळ दाबली की घटातून इलेक्ट्रॉन निघतात, धावत दिव्यापर्यंत जातात आणि मग दिवा लागतो. प्रत्यक्षात १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा वाहत असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही पुढे सरकत नाहीत. फूटभर तार ओलांडायला त्यांना तासाहून अधिक वेळ लागेल. दिवा तत्काळ लागतो, कारण तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात आणि ते सर्व जवळपास एकाच वेळी सरकू लागतात. मी यासाठी वर्गात सायकल आणत असे. पायडल मारताच मागचे चाक फिरते, पण साखळीची पुढची कडी अजून मागे पोहोचलेली नसते. आणि साखळीची एकही कडी मागच्या चाकापाशी ‘खर्च’ होत नाही, हेही त्याच सायकलवर दिसते. ताई, तुमच्या घटक चाचणीतल्या प्रश्नाचे उत्तर त्या साखळीत आहे.

प्रयोगवही

सर, सायकलची साखळी मी माझ्या टिपणात उतरवून घेतली आहे. ठिपक्यांबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ती प्रतिकृती आहे, आणि तिच्यात काय खरे, काय सोयीसाठी, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मात्र एक अभ्यास सांगतो. कोलोरॅडोमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी खऱ्या साहित्याऐवजी हेच सिम्युलेशन वापरले होते, आणि नंतर संकल्पनांच्या प्रश्नांत तसेच प्रत्यक्ष परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यातही ते खरे साहित्य हाताळलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, म्हणून तो निष्कर्ष नववीच्या वर्गाला जसाच्या तसा लावू नये. परंतु न दिसणारी गोष्ट डोळ्यांना दिसणे, याचे मोल त्यातून कळते. दोन्ही करावे असेच मी म्हणेन: संकल्पना बसवायला पडदा, आणि दोष शोधण्याची शिस्त लावायला तुमचे टेबल.

गडवाट यांचे उत्तर

मी भूगोल आणि इतिहास शिकवतो. रायगडाच्या प्रश्नावर लिहितो, कारण हा उपक्रम मी आठवीच्या मुलांबरोबर दोनदा केला. पहिल्यांदा तो फसला आणि त्याचे कारण माझ्या लक्षात यायला वर्ष गेले.

पहिल्या वेळी मी मुलांना म्हणालो, ‘रायगड बांधा.’ मुलांनी चार दिवसांत सुरेख दिसणारे काहीतरी बांधले. मोठा दरवाजा होता, बुरूज होते, झेंडा होता. पण तो कुठलाही गड होता. जो डोंगर आधी आहे आणि ज्याच्या आधाराने गड उभा राहिला, तो डोंगरच त्यात नव्हता. सपाट मैदानावर भिंती उभ्या होत्या. मातीचा किल्ला करणारी मुले निदान आधी दगड-मातीचा डोंगर रचतात.

दुसऱ्या वेळी मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशापासून सुरुवात केली. या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उंचीतल्या २० मीटरच्या अंतराने असतात. आम्ही ठरवले की एक ठोकळा म्हणजे २० मीटर, उंचीतही आणि लांबी-रुंदीतही. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर आहे, म्हणजे ४१ थर. आणि दोन किलोमीटर लांबीचा प्रदेश म्हणजे १०० ठोकळे. प्रत्येक समोच्च रेषा एकेक थर झाली. मुलांनी रेषा आलेख-कागदावर उतरवल्या, चौकटी मोजल्या आणि खालून वर थर चढवत गेली. टकमक टोकापाशी आल्यावर एका गटाने तक्रार केली, ‘सर, इथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, ठोकळा ठेवायला जागाच नाही.’ मी म्हटले, ‘मग काय कराल?’ त्यांनी थरावर थर सरळ उभे चढवले, आणि कडा तयार झाला. ‘रेषा जवळ जवळ असतील तर उतार तीव्र असतो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, पण ते मुलांच्या तोंडून प्रथमच आले.

मग आम्ही त्या जगात पात्रांना घेऊन पायथ्याशी उभे राहिलो आणि मुलांना विचारले, ‘इथून वर जायचे आहे, कुठून जाल?’ तीन बाजूंनी प्रयत्न करून झाले आणि मुले महादरवाज्याच्या वाटेपाशी येऊन थांबली. राजधानीसाठी हा डोंगर का निवडला असेल, या प्रश्नावर त्या दिवशी जी चर्चा झाली तशी मी आजवर पुस्तकातून घडवू शकलो नव्हतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आहे. त्या यादीतल्या सिंधुदुर्गाचे काम पुढच्या वेळी द्यायचा विचार आहे, कारण तिथे समोच्च रेषांऐवजी समुद्र आणि भरती-ओहोटीचा प्रश्न येतो.

ताई, तुमच्या मुख्याध्यापकांसाठी वाक्य असे लिहा: ‘विद्यार्थी समोच्च रेषांच्या नकाशावरून भूरूप उभे करतील आणि त्यावरून गडाच्या जागेची निवड स्पष्ट करतील.’ हे वाक्य आधी लिहिले की काय बांधायचे आणि काय वगळायचे, ते आपोआप ठरते.

साधन म्हणून आम्ही लुआंती हे ठोकळ्यांनी जग रचण्याचे सॉफ्टवेअर वापरले. पूर्वी त्याचे नाव माइनटेस्ट होते, २०२४ पासून ते बदलले. ते विनामूल्य व मुक्त स्रोताचे आहे, जुन्या संगणकांवर चालते आणि एक संगणक सर्व्हर करून बाकीचे कक्षातल्याच जाळ्यावर जोडता येतात, इंटरनेट लागत नाही. सुरुवातीला मात्र त्यातला मूळ खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, तो आदल्या आठवड्यातच उतरवा. इजा होण्याची आणि स्फोटकांची सोय बंद ठेवा. वेळेबाबत स्पष्ट सांगतो, हे एका तासिकेत होत नाही. आम्हाला नकाशावाचनाच्या दोन आणि बांधणीच्या पाच तासिका लागल्या, त्यातल्या तीन शनिवारच्या होत्या.

सातासमुद्रापार यांचे उत्तर

मी काही वर्षे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या शिक्षण-तंत्रज्ञान विभागात काम केले, त्यावरून दोन मुद्दे जोडते.

आभासी विश्वाचा मला आठवणारा सर्वांत विचारपूर्वक केलेला वापर म्हणजे हार्वर्डमध्ये ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांसाठी रचलेले ‘रिव्हर सिटी’. एकोणिसाव्या शतकातले एक नदीकाठचे गाव, आणि तिथली माणसे आजारी पडत आहेत. विद्यार्थी गावात फिरतात, रहिवाशांशी बोलतात, पाण्याचे नमुने तपासतात आणि आजाराचे कारण शोधण्यासाठी स्वतः प्रयोग आखतात. पाण्यातून, हवेतून आणि कीटकांमधून पसरणारे रोग एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे पहिले सुचलेले उत्तर पुरत नाही. असे गाव वर्गात आणता येत नाही आणि खऱ्या साथीत मुलांना नेता येत नाही, म्हणून तिथे आभासी विश्वाची गरज होती. गडवाट सरांच्या रायगडातही मला तेच दिसते: डोंगराभोवती फिरणे हाच तिथे अभ्यास आहे. जो धडा सपाट पानावर तितकाच समजतो, त्याला तिसरी मिती जोडून काही मिळत नाही.

दुसरा मुद्दा सावधगिरीचा. आमच्या विभागाने एका आभासी विश्वात भाड्याच्या जागेवर दोन वर्षे खपून प्रदर्शनदालन उभारले होते; शुल्क वाढले तेव्हा ती जागा सोडावी लागली आणि बांधलेले बाहेर काढता आले नाही. हा अनुभव एकट्या आमचा नाही. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे ब्राउझरमध्ये अशा कृती चालवणारे तंत्र बंद झाले आणि असंख्य शैक्षणिक कृती एका रात्रीत निकामी झाल्या. शाळांना आभासी सहली घडवणारे गुगल एक्स्पिडिशन्स ३० जून २०२१ रोजी थांबले, आणि मोझिलाचे हब्ज हे आभासी खोल्यांचे व्यासपीठ ३१ मे २०२४ रोजी. म्हणून जे उतरवून आपल्या संगणकावर ठेवता येते, त्यावरच वर्षाचे नियोजन करावे. या दृष्टीने प्रयोगवही आणि गडवाट सर, तुम्हा दोघांची फेट आणि लुआंती ही निवड चांगली आहे.

मुलांना ईमेल देऊन खाते उघडायला लावणारी साधने शक्यतो टाळावीत. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. फेट आणि गणितासाठीचे जिओजेब्रा खात्याविना वापरता येतात. लुआंतीमध्ये स्वतःचा सर्व्हर असेल तर मुलांनी ‘गट ३’ असे नाव घेतले तरी चालते. डोक्यावर चढवायचे व्हीआर संच ६२ मुलांच्या वर्गासाठी सध्या विकत घेऊ नयेत, कारण एक जण पाहतो आणि ६१ जण वाट पाहतात.

नववी_ब

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांना गडवाट सरांचे वाक्य थोडे आमच्या शाळेपुरते बदलून दिले. दिवाळीपूर्वीचे चार शनिवार मिळाले आहेत, आणि भूगोलाच्या सरांनी नकाशा मोठा करून आणला आहे.

धाराविद्युतचा तास मी काल यंदाच्या नववीवर घेतला. कक्षात नेले नाही. टेबलावर शिपाईकाकांची सायकल, खरा घट आणि दिवा, आणि मागे प्रोजेक्टर. आधी वहीत अंदाज लिहायला लावला. गेल्या वर्षीप्रमाणेच बहुतेकांनी पलीकडचे वाचन कमी येईल असे लिहिले आणि मी ते आकडे फळ्यावर तसेच ठेवले. कळ दाबली, दोन्ही अमीटरांवर तोच आकडा आला, तेव्हा गेल्या वर्षी न जाणवलेली एक शांतता वर्गात जाणवली. त्यानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, दिवा धारा खात नाही, तर मग वीजबिल कशाचे येते?’

घंटा झाली होती, त्यामुळे उत्तर दिले नाही आणि खरे तर मला ते घाईने द्यायचेही नव्हते. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि पुसू नका असे सांगितले आहे. मंगळवारी तेच सिम्युलेशन पुन्हा उघडणार आहे. या वेळी अमीटर काढून व्होल्टमीटर दिव्याच्या दोन टोकांना लावायचा, आणि त्याआधी वहीत अंदाज.